सी बटण नसतं तर हा डेसिबल मीटर कधीच परत केला असता

घरामागे मंगल कार्यालय आहे, एवढं सांगितलं की परभणीकरांना पुढचं कळतं. लग्नसराईत घेतलेला मीटर गेल्या आठवड्यात बंद पडला. नऊ व्होल्टच्या बॅटरीला तारेनं जोडणारी टोपी तुटली. विकणाऱ्याने ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात वर केले. साडेतीन हजार घेता आणि तार केसाएवढी लावता? स्टेशन रोडवरच्या रेडिओवाल्याने वीस रुपयांत नवी टोपी डकवून दिली. परीक्षणातला एक तारा (स्टार) तिथंच कापला.

खरं तर आधी दोनच तारे देणार होतो. घरातल्या आवाजाला मोबाइलचं फुकट ॲपही जवळपास हाच आकडा दाखवायचं. मत फिरलं ते सी बटणामुळं. मीटरवर दोन मोजण्या आहेत: बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, बराच कापणारी ए आणि तो जवळजवळ तसाच मोजणारी सी.

एका रात्री वरात दारातून चालली होती. गच्चीवर मीटर धरला, ए वर ७८ डेसिबल. खाली तावदानं थरथरतायत, वडील छातीवर हात ठेवून बसलेत, आणि आकडा ७८! बटण सी वर नेलं: ९६. डीजे तोच, जागा तीच.

ए मोजणी मंद आवाज कानाला कसा लागतो त्यावर बेतलेली. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांचे, कानाला कुठला आवाज किती मोठा वाटतो याचे १९३३ चे आलेख तिच्या मुळाशी आहेत. मंद आवाजातला बेस कानाला फार कमी ऐकू येतो, म्हणून ५० हर्ट्झच्या खर्जाला ए तब्बल ३० डेसिबल वजा करते. आवाज वाढला की कान बेसही नीट ऐकतो, ए ची वजाबाकी मात्र तेवढीच राहते. सी तिथं जेमतेम सव्वा डेसिबल कापते. १८ डेसिबलचा फरक म्हणजे ए ला दिसली त्याच्या साठपट ऊर्जा!

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ ही मर्यादा आहे, पण ए वरची, आणि तीही ठरावीक वेळेची सरासरी. म्हणजे मर्यादा मोडल्याचं दिसतं, छाती हादरवणारा बेस कागदावर जेमतेमच येतो. नियमात सी सुद्धा यायलाच हवी.

या मीटरमध्ये सरासरीची सोय नाही, फक्त क्षणाचा आकडा आणि कमाल. तक्रारीसाठी घेणार असाल तर सरासरी काढणाराच बघा. वाऱ्यात फोमची टोपी काढू नका, आणि उन्हाळ्यात मीटर गाडीच्या डिकीत ठेवू नका. माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतच लिहिलंय.