क्रूझवरून उतरल्यावर: कंपनीची बस की स्वतः ठरवलेली गाडी?

जहाज धक्क्याला लागले म्हणजे प्रवासी लगेच बाहेर पडतात असे नाही, आणि वाहन ठरवताना बहुतेकांची गफलत इथेच होते. मोठ्या जहाजातून एकाच सकाळी 5,000 हून अधिक माणसे उतरू शकतात; आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवलेल्या बॅगांना रंगीत किंवा क्रमांकाचे टॅग लावलेले असतात, त्या गटाचा पुकारा झाल्यावरच उतरता येते, आणि पुढे बॅगा शोधणे व कस्टम्सची रांग असतेच.

क्रूझ कंपनीच्या बसचा खरा आधार असा, की धुक्यामुळे जहाज उशिरा लागले तरी बसचे वेळापत्रक सहसा त्यानुसार पुढे सरकते. मात्र तिचे भाडे बहुधा माणशी आकारले जाते आणि ती विमानतळ किंवा ठरावीक हॉटेलांपुरतीच जाते.

खासगी गाडीचे भाडे सहसा गाडीमागे असल्याने चौघांच्या कुटुंबाला ती अनेकदा स्वस्त पडते. तिची सारी भिस्त मात्र तपशिलांवर असते: एकाच बंदरात अनेक टर्मिनल असू शकतात, म्हणून चालकाला जहाजाचे नाव, टर्मिनल आणि बॅगांची संख्या आधीच कळवावी, आणि वेळ जहाज लागण्याची नव्हे, तर आपण प्रत्यक्ष दाराबाहेर येण्याची द्यावी. थांबण्याचे शुल्क किती मिनिटांनंतर सुरू होते, हेही लेखी घ्यावे.

त्याच दिवशी विमान असेल, तर मी बसच सुचवेन. सोबत व्हीलचेअरवरील आजी-आजोबा असतील आणि घाई नसेल, तर दारापर्यंत नेणारी गाडी निःसंशय बरी.