नसलेल्या टायमिंग बेल्टचे ९,८०० रुपये

आमच्या ह्युंदाई आय-टेनला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा रबरी पट्टा, नाही. तिच्या इंजिनात ते काम चेन करते. तरीही 'टायमिंग बेल्ट किट, टेन्शनरसह, ९,८००' अशी ओळ असलेलं (टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग) बिल बाबांच्या हातात दिलं गेलं आणि पैसे वसूल केले गेले. जास्त रनिंग झालेली गाडी मोठ्या कामाला काढणार असाल तर पुढचं सगळं वाचा, कारण ही फसवणूक आमच्यापुरती राहणारी नाही.

गाडी २०१० ची, पेट्रोलवरची, पुण्यातली. रनिंग एक लाख चाळीस हजार किलोमीटरच्या पुढे गेलेलं. पंधरा वर्षं होत आली म्हणून आरसीचं नूतनीकरण करायचं होतं. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीसाठी त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे, वर पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी. एवढं करून आणखी पाच वर्षं गाडी वापरायचीच, तर एकदाच सगळं काम नीट करून घेऊ असं घरात ठरलं. तक्रारीही खऱ्याच होत्या. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरायची, चढाला मिसिंग करायची, म्हणजे झटके देत अडखळायची, पिकअप गेला होता. बाबा वाईला जाऊन-येऊन असतात, त्यामुळे खंबाटकी घाट चढताना ते रोजच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त बारकाईने ऐकतात.

गॅरेज आमच्याच भागातलं, स्वच्छ, बऱ्यापैकी मोठं. नाव लिहीत नाही, तक्रार सुरू आहे. सकाळी गाडी दिली, 'मेजर ट्यून-अप'चं एस्टिमेट घेतलं: प्लग, एअर फिल्टर, ऑइल, ऑइल फिल्टर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जावी हे ठरवणारा भाग) साफ करणं, गिअर ऑइल, कूलंट. यातलं काहीही वावगं नव्हतं. दीड लाखाच्या घरात गेलेल्या गाडीला ही कामं लागतातच. दुपारी मालकाचा बाबांना व्हॉट्सॲपवर फोटो आला. काळ्याकुट्ट हातमोज्यात धरलेला रबरी पट्टा, दात आडवे, दोन दातांच्या मधल्या खाचेत बारीक तडे, एका बाजूचे धागे सुटलेले. पाठोपाठ फोन.

"काका, तुमचा बेल्ट बघितला ना? कधीही तुटेल. घाटात तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. हेड उतरवायला लागेल, पन्नास हजारांना बसाल. तुम्ही वडिलांसारखे, म्हणून सांगतोय."

या बोलण्यातलं तांत्रिक म्हणाल तर एकही वाक्य खोटं नाही, आणि मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो. बेल्टवर चालणाऱ्या बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की नेमकं हेच होतं: क्रँक (पिस्टनना जोडलेला दांडा) फिरत राहतो, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थांबतो, उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनच्या तडाख्यात सापडतात. ज्याने कुणी इंटरनेटवर पाच मिनिटं वाचलं, त्याला हेच वाचायला मिळेल आणि त्याचा विश्वास आणखी पक्का होईल. खोटं फक्त एकच होतं: तो बेल्ट आमच्या गाडीतला नव्हता.

आय-टेनच्या बाबतीत हे का जमतं ते समजून घ्या. २००७ मध्ये ही गाडी आली तेव्हा तिच्यात १.१ लिटरचं इंजिन होतं, १०८६ सीसीचं. त्याला टायमिंग बेल्ट आहे. २००८ मध्ये १.२ लिटरचं 'कप्पा' नावाचं इंजिन आलं, ११९७ सीसीचं, आणि त्याला चेन आहे. पुढे दोन्ही इंजिनांच्या गाड्या एकाच वेळी विकल्या जात होत्या. बाहेरून दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच. त्यामुळे 'आय-टेनला टायमिंग बेल्ट असतो' हे वाक्य अर्धं खरं आहे, त्या किटचा खरा डबा दुकानात मिळतो, आणि एका गाडीचा जुना बेल्ट दुसऱ्या गाडीच्या मालकाला दाखवता येतो.

आपलं इंजिन कोणतं हे ओळखायला गॅरेजवाल्याची गरज नाही. आरसीवर घनक्षमता छापलेली असते. १०८६ की ११९७, एवढंच बघायचं. दुसऱ्या कुठल्याही गाडीचं असंच: सीसी आणि साल घेऊन गाडीसोबत मिळालेल्या मॅन्युअलमधला देखभालीचा तक्ता उघडा. त्यात टायमिंग बेल्ट अमुक किलोमीटरला बदला असं असेल तर बेल्ट आहे. चेनच्या गाड्यांच्या तक्त्यात सहसा तशी ओळ नसते, कारण चेन इंजिनाच्या आत, बंद कव्हरमागे, तेलात फिरते. ऑइल वेळेवर बदलत राहिलं तर ती फार वर्षं टिकते. ताणली गेलीच तर सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते. आणि चेन बदलायची म्हटलं तर कव्हर उतरवावं लागतं, ते मोठं काम आहे, जेवणाच्या सुट्टीनंतर हातासरशी उरकण्यातलं नाही.

आमची फसवणूक बाहेर आली ती मिसिंगमुळे. गाडी घरी आली तेव्हा छान चालत होती. थ्रॉटल बॉडी खरोखर साफ केली होती, त्यामुळे सिग्नलची थरथर थांबली. एअर फिल्टर नवा, ऑइल नवं, इंजिनवर पॉलिश मारून सगळं चकचकीत. पण पुढच्याच वाईच्या खेपेला खंबाटकीत गाडीने पुन्हा तेच केलं. वाईत काकांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, वयस्कर, बोलणं कमी. त्यांनी प्लग काढून बाबांच्या तळहातावर ठेवले. बिलात चार इरिडियम प्लग लावले होते. हातात आलेल्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड जाड, साधा निकेलचा, कडा झिजून गोल झालेल्या, गॅप वाढलेली. पांढऱ्या चिनी मातीवर तारेच्या ब्रशने घासल्याचे राखाडी ओरखडे होते. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असतं, एकदा बघितलं की कुणालाही फरक कळतो. जुनेच प्लग घासून परत बसवले होते.

बाबांनी बिल पुढे केलं. मिस्त्रींनी बेल्टची ओळ वाचली आणि बाबांनाच विचारलं, "दादा, हा बेल्ट कुठं बसवला त्यांनी? ह्या इंजनात जागाच न्हाई त्याला." मग त्यांनी बाजूचा पट्टा दाखवला. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर वगैरे फिरवणारा तो बाहेरचा ड्राइव्ह बेल्ट. त्याच्यावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात. टायमिंग बेल्टला आडवे दात असतात. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत दात आडवे होते. ड्राइव्ह बेल्टही जुनाच निघाला, पण तो चांगल्या अवस्थेत होता.

नंतर गाडी वर घेतली. गिअर बॉक्सच्या ड्रेन बोल्टवर वाळलेला चिखल आणि तेलकट काजळीचा थर जसाच्या तसा होता. पाना लागला असता तर कडा चमकल्या असत्या. बिलात गिअर ऑइल चार लिटर लावलं होतं, आणि या गाडीच्या गिअर बॉक्समध्ये जातंच सुमारे दोन लिटर. न टाकलेल्या तेलाचेसुद्धा दुप्पट पैसे.

पुण्यात परतल्यावर मी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत बिल घेऊन गेले. दुकानदारांनी किंमती सांगितल्या, त्यातून कळलं की जे पार्ट खरंच बदलले होते तेही एमआरपीच्या वर लावले होते. सीलबंद पार्टच्या डब्यावर एमआरपी आणि पार्ट नंबर असतो. त्या पार्ट नंबरवरून तो कोणत्या इंजिनाचा हे दुकानदार लगेच सांगतो. आमच्या बिलात एकाही पार्टचा नंबर नव्हता. बिल म्हणजे तरी काय, जीएसटी नंबर नसलेला एस्टिमेटचा कागद. 'पक्कं बिल घेतलंत तर अठरा टक्के वर' असं सांगून तो दिलेला. छोट्या गॅरेजची उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर त्यांना जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे नंबर नाही म्हणजे लबाडी असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे पक्कं बिल आहे आणि तो ते टाळतोय, त्याच्याकडे पैसे अडकवू नका.

गॅरेजमध्ये मी आणि बाबा एकत्र गेलो. आधी मालक म्हणाला, "ड्राइव्ह बेल्टलाच आमच्यात टायमिंग बेल्ट म्हणतात, मॅडम." मी त्याने पाठवलेला फोटो दाखवला, आडव्या दातांचा. मग मुलाने चुकून दुसऱ्या गाडीचा फोटो पाठवला असं झालं. मग पैसे बेल्टचे कसे घेतले, याला उत्तर नव्हतं. जुने प्लग परत मागितले तर 'भंगारात गेले'. त्याच संध्याकाळी ९,८०० रुपये यूपीआयने परत आले. प्लग, गिअर ऑइल आणि बाकीच्यावर तो अडून बसला आहे. आम्ही फोटो, चॅट, बिल, पैसे दिल्याच्या नोंदी आणि वाईच्या मिस्त्रींनी प्लग काढतानाचा व्हिडिओ जोडून स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही, आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. नुसतं विचारायचं असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका. अशा गॅरेजचा धंदा त्याच भरवशावर चालतो.

बाबांना पैशांपेक्षा 'वडिलांसारखे' हा शब्द लागला आहे. ते निवृत्त माणूस, हिशोबाला पक्के, कुणाचा एक रुपया बुडवला नाही. वयस्कर माणूस एकटा गाडी घेऊन आला की भीती घालायची, हे या मालकाला नीट ठाऊक होतं. तुमच्या घरी असं कुणी असेल तर गाडी देताना सोबत जा.

आता मोठं काम काढायचं असेल तेव्हा मी काय करते ते सांगते. गाडी देण्याआधीच जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगते आणि ते एस्टिमेटवर लिहून घेते. काम मध्येच वाढलं तर हातात धरलेल्या पार्टचा फोटो मान्य करत नाही. पार्ट गाडीवर असतानाचा फोटो हवा, नंबर प्लेट किंवा इंजिन ओळखू येईल असा, नाहीतर मी येईपर्यंत काम थांबवा. प्लग, फिल्टर, कूलंट नाना पेठेतून स्वतः आणून देते. काही गॅरेजवाले बाहेरचे पार्ट लावत नाहीत, मग त्यांनी पार्ट नंबर बिलावर लिहावा. ऑइल माझ्यासमोर सील फोडून ओततात. साधे प्लग साधारण तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलायचे, इरिडियमचे त्याच्या दुप्पट-तिप्पट टिकतात, म्हणून बदलले त्या दिवशीचं किलोमीटर डायरीत टिपून ठेवते. आमच्या गाडीचं मिसिंग नवे प्लग बसवल्यावर गेलं. गिअर ऑइल वाईच्या मिस्त्रींनी बदललं, बाबा शेजारी उभे होते.

आणि ज्यांच्या आरसीवर १०८६ सीसी आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते: तुमच्या गाडीत बेल्ट खरोखर आहे. माझा अनुभव वाचून तो बदलायचं टाळू नका. शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल, गाडी सेकंडहँड घेतली असेल, तर कव्हर उघडून गाडीवरच बघायला सांगा आणि तडे दिसले किंवा वय कळलं नाही तर टेन्शनरसकट बदलून टाका.