भरतीपूर्व मेडिकल तपासणी, सातारा: अकॅडमीची फी भरायच्या आधी इथं जा

आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेले एक नायब सुभेदार दर रविवारी आपल्या घराच्या पडवीत सैन्यभरतीच्या मुलांची तपासणी करतात. फी दोनशे रुपये. पाटी नाही, जाहिरात नाही. पत्ता आम्हाला मुलाच्या मामांनी दिला, तोही दहा महिने उशिरा. दुसऱ्या कुणाला असा उशीर होऊ नये म्हणून हे लिहिते.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा. पोटात असताना माझी साखर वाढली होती, बाळ सव्वाचार किलोचं झालं. डोकं बाहेर आलं आणि उजवा खांदा अडकला. ओढताना मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. ह्याला अर्ब्ज पाल्सी म्हणतात. पुष्कळ बाळांचा हात पहिल्या काही महिन्यांत सुधारतो. ह्याचाही सुधारला, मूठ आली, पकड आली, पण सगळा नाही. तीर्थ घ्यायला हात पुढे केला की तळवा वर होत नाही, मग तो अंगच वाकवतो. घास तोंडाशी नेताना कोपर बाहेर उचललं जातं, म्हणून पंगतीत उजव्या टोकाची जागा धरतो. शर्ट घातलेला असला तर परक्याला काही कळणार नाही.

आमचा भाग अपशिंगे मिलिटरीच्या जवळचा. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावाचे ४६ जवान पडले. इकडच्या पोराला मिसरूड फुटायच्या आधी भरतीचं वेड लागतं, आमच्यालाही लागलं. भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका निवासी अकॅडमीत घातला. नाव लिहीत नाही. महिना साडेआठ हजार, मेस धरून. प्रवेशाच्या दिवशी उंची मोजली, छाती फुगवून मोजली, पळवून बघितलं. शर्ट काढून हात वर कर, असं कुणीही म्हणालं नाही. जन्माच्या वेळचं मी आपणहून सांगितलं, तर सर म्हणाले, "ताई, एक्सरे काढून आणा." एक्सरे साफ आला. "मग झालं तर, चालून जाईल." दुखापत नसांची, हाडाची नव्हेच, मग एक्सरेत काय दिसणार? मी अंगणवाडी सेविका, मला हे ठाऊक नव्हतं. पण वर्षाला शेकडो मुलं मेडिकलला पाठवणाऱ्यांना ठाऊक असायलाच हवं होतं. १६०० मीटर तो ५ मिनिटं २० सेकंदांत मारायचा, बॅचमध्ये पुढे. बीमवर, म्हणजे दांडीला धरून अंग वर ओढण्यात, मात्र चारच्या वर गेला नाही. लागतात किमान सहा, पैकीच्या पैकी गुण हवे तर दहा. "सरावानं येईल" हे आम्ही दहा महिने ऐकलं.

आता तपासणीचं सांगते. सुभेदारांनी आधी मला बाहेर बसवलं नाही, मुलाला विचारलं, "आई इथं थांबली तर चालेल?" हे मला फार बरं वाटलं. मग डोळे, कान, दात, पाय. कानात मळ होता, तो काढून यायला सांगितला. मूळव्याध, हायड्रोसील असल्या गोष्टी आधी उपचार करून जाता येतं, हेही समजावलं. मग शर्ट काढायला लावून भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दोन्ही हात कानाला लावायला सांगितले. डावा लागला. उजवा डोळ्याच्या रेषेत येऊन थांबला आणि पाठीमागं फऱ्याचं हाड वर उचललं गेलं. टेपनं दोन्ही दंड मोजले, उजवा दोन सेंटिमीटरनं बारीक. शेवटी म्हणाले, "सॅल्यूट कर."

लष्कराच्या सॅल्यूटमध्ये तळवा उघडा, समोर दिसायला हवा. माझ्या लेकराचा तळवा जमिनीकडे वळला. कोपर वर गेलं, मान हाताकडे झुकली. आरशापुढं त्यानं हा सॅल्यूट हजार वेळा केला असेल. मला वाटायचं, जमतोय.

सुभेदार त्याच्याकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. शेप-वन, म्हणजे सैन्याची पूर्ण फिट ही मेडिकल श्रेणी लागते, त्यातला ए म्हणजे हातपाय. खांदा, कोपर, मनगट पूर्ण फिरलं पाहिजे. रायफलचा धक्का खांद्यावर बसतो, जखमी माणूस खांद्यावर घ्यावा लागतो. "अनफिट लिहितील. मिलिटरी हॉस्पिटलात रिव्ह्यू मागता येतो, तो तुझा हक्क आहे. शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचा, माझा नाही. पण हा हात तिथंही हाच असणार." पैसे घेऊन मेडिकल पास करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या सावलीलाही उभं राहू नकोस, हे दोनदा बजावलं. एवढं स्पष्ट आम्हाला दहा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. पोरगा घरी येईस्तोवर बोलला नाही. रात्री म्हणाला, "आई, निदान खरं तरी कळलं."

दुसऱ्या रविवारी सुभेदारांनी परत बोलावलं, फी न घेता. २०१६ च्या दिव्यांग कायद्यानं सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत, सैन्याच्या लढाऊ पदांना त्यातून सूट आहे, पण लष्कराच्या मुलकी पदांना नाही, हे त्यांच्याकडूनच कळलं. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. जिल्हा रुग्णालयात तारीख मिळाली आहे. माझी काळजी हीच, की टक्के चाळीसच्या आत आले तर पोरगा सैन्यालाही नको आणि राखीव जागेलाही नको. असे किती असतील, आणि त्यांच्यासाठी कायद्यात राखीव जागा नाहीत. हे कुणीतरी वर पोचवावं.

जाताना जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड न्या, आमचं त्यांनी नीट वाचलं. सकाळी आठच्या आत पोचा, अकरानंतर अंगण भरतं. पावती मिळत नाही, ती द्यायला हवी. आणि मुलींसाठी सोय नाही. आमच्या शेजारची पोरगी महिला मिलिटरी पोलीसची तयारी करतेय, तिला तपासायला बाई नाही म्हणून परत पाठवली. निवृत्त मिलिटरी नर्सिंगच्या कुणी ताई साताऱ्यात असतील आणि हे वाचत असतील तर महिन्यातला एक रविवार त्या पडवीत द्यावा, अशी हात जोडून विनंती आहे.