लेसरडिस्क : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव (प्लेअर पायोनियर डीव्हीएल-९१९)

लेसरडिस्का, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या पिक्चर बघायच्या मोठ्या डिस्का, गोळा करायला लागल्यापासून इथले आणि भारतातले मित्र एकच विचारतात, की फोर-के चालू असताना हे ताटाएवढं प्रकरण कशाला, आणि खरंच चित्र चांगलं दिसतं का. आता आठ-नऊ महिने झाले, जवळपास प्रत्येक वीकेंडला काही ना काही लावून झालंय, त्यामुळे सविस्तरच लिहितो. घाईत असाल तर एवढंच वाचा की आवाज माझ्या अपेक्षेच्या फार पुढचा निघाला, आणि चित्राचं निम्मं श्रेय किंवा निम्मा दोष तुमच्या टीव्हीचा असतो.

मी टोकियोत राहतो, त्यामुळे माल मिळणं सोपं. अमेरिकेत हे प्रकरण हौशी लोकांपुरतं राहिलं पण जपानमध्ये ते त्या मानानं बऱ्याच घरांत गेलं होतं, शिवाय कराओकेवाल्यांनी तर पोत्यानं घेतल्या होत्या. म्हणून हार्ड ऑफ, बुक ऑफसारख्या सेकंडहँड दुकानांत आजही खालच्या खणात रांगाच्या रांगा लावलेल्या दिसतात, त्यातल्या निम्म्या कराओके असतात त्या सोडायच्या आणि उरलेल्यातून वेचायचं. साधा हॉलिवूड पिक्चर ११० येनपासून मिळतो. जपानी लोक वस्तू जपतात ते इथे कळतं, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या डिस्केवर ओबी म्हणजे ती कव्हरला गुंडाळलेली कागदाची पट्टीसुद्धा जशीच्या तशी असते.

प्लेअर म्हणून डीव्हीएल-९१९ घेतला कारण तो लेसरडिस्क, डीव्हीडी, सीडी सगळं वाजवतो, दोन्ही बाजू आपोआप वाजवतो आणि डॉल्बीचा आरएफ आउटपुट (तो कशाला ते पुढे सांगतो) मागे आहे. दुसरं कारण वयाचं. पायोनियरनी जानेवारी २००९ मध्ये जाहीर केलं की शेवटचे ३,००० प्लेअर काढून आता बंद, त्या शेवटच्या मॉडेलांत हा होता, म्हणजे नव्वदीच्या यंत्रांपेक्षा तरुण पीस मिळायची शक्यता जास्त. जाणकार लोक म्हणतील की निव्वळ चित्रासाठी पायोनियरचेच सीएलडी-९९ किंवा एचएलडी-एक्स९ बघ, आणि त्यांचं बरोबर आहे, एक्स९मध्ये नेहमीच्या इन्फ्रारेडऐवजी लाल लेसर आहे आणि तो जपानच्या हाय-व्हिजन, म्हणजे त्या काळच्या एचडी, डिस्कासुद्धा वाचतो, पण त्याच्या किमतीत माझा प्लेअर, अँप आणि शेल्फभर डिस्का येतात.

आता थोडं मूळ समजून घ्या, कारण आपण मंडळी व्हीएचएसवरून थेट व्हीसीडीवर आलो, मधला हा टप्पा फार थोड्यांनी बघितला, त्यामुळे चकचकीत डिस्क दिसली की माणूस धरूनच चालतो की आत डिजिटल पिक्चर असणार. तसं नाहीये. लेसरडिस्केवरचं चित्र अ‍ॅनलॉग आहे. ३० सेंटीमीटरच्या डिस्केत अ‍ॅल्युमिनियमच्या थरावर खड्डे आहेत, सीडीसारखेच, पण त्या खड्ड्यांच्या लांबीत आणि मधल्या अंतरात थेट व्हिडिओ सिग्नल रेडिओसारखा एफएम करून बसवलाय. शून्य-एक नाही, कॉम्प्रेशन नाही. म्हणून व्हीसीडीत धूर, पाणी, गर्दी आली की चौकटी चौकटी उठायच्या तसलं इथे काहीही होत नाही. पाऊस पडतो तो पाऊसच दिसतो. हे तंत्र विकायला आलं १९७८च्या डिसेंबरमध्ये, अटलांटात, म्हणजे व्हीसीडीच्या पंधरा वर्षं आधी, हे लक्षात घेतलं की ते किती पुढचं काम होतं ते कळतं.

रिझोल्यूशन बोलायचं तर आडव्या दिशेनं साधारण ४२५ रेषा धरतात, व्हीएचएसच्या २४० असायच्या. म्हणजे व्हीएचएसपेक्षा सरळसरळ वरचा वर्ग, पण चांगल्या डीव्हीडीपेक्षा मऊ, ब्लू-रेशी तर तुलनाच नको. कोणी सांगत असेल की लेसरडिस्क ब्लू-रेपेक्षा शार्प असते तर विश्वास ठेवू नका.

मग चित्रासाठी घ्यायची कशाला? तर जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर लावून बघा. माझ्याकडे २९ इंची ट्रिनिट्रॉन आहे, शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एका आजोबांनी घर बदलताना दिला, त्याच्यावर चांगली डिस्क लावली की चित्राला एक खोली येते, चेहऱ्याची कातडी कातडीसारखी दिसते, फिल्मचा दाणा हलता राहतो, पुसला जात नाही. हल्लीच्या बऱ्याच रिस्टोरेशनमध्ये तो दाणा घासून गुळगुळीत केलेला असतो आणि माणसं मेणाची दिसतात, रंगही निळे-नारिंगी करून टाकलेले, त्याच्यापुढे फिल्मवरून व्हिडिओत उतरवलेली ही जुनी ट्रान्स्फर डोळ्याला फार शांत वाटते. मला वाटतं चित्राच्या बाबतीत लेसरडिस्केचा खरा मुद्दा हाच, शार्पनेस नाही.

तीच डिस्क थेट ५५ इंची फ्लॅट टीव्हीत कंपोझिट वायर खुपसून लावलीत तर मात्र वाईट दिसते, लाल रंगात किडे वळवळल्यासारखा नॉइज, कडांवर ठिपक्यांची रांग चालते ती वेगळी. कारण डिस्केवर रंग आणि उजेड एकाच सिग्नलमध्ये मिसळलेले असतात आणि ते वेगळे करायचं काम कोम्ब (comb) फिल्टर करतो. प्लेअरचा एस-व्हिडिओ वापरलात तर प्लेअरचा फिल्टर काम करतो, कंपोझिट वापरलंत तर टीव्हीचा किंवा स्केलरचा (जुना सिग्नल नव्या टीव्हीजोगा करणारा डबा). दोन्ही लावून स्वतःच्या डोळ्यांनी ठरवा, पुस्तकी नियम नाही. माझ्याकडे ट्यूबवर कंपोझिट सरस, आणि फ्लॅट टीव्हीसाठी रेट्रोटिंक-५एक्स हा स्केलर मधे टाकला तर एस-व्हिडिओ बरा वाटतो. स्केलर टाकल्यावर फ्लॅटवरही बघण्यालायक होतं, पण ट्यूबची मजा नाही ती नाहीच.

अजून एक गोष्ट, जपानी आणि अमेरिकन डिस्कांची काळ्या रंगाची पातळी वेगळी असते. अमेरिकेत काळा ७.५ आयआरईवर (हे व्हिडिओ सिग्नलच्या पातळीचं माप), जपानमध्ये ०वर. म्हणून दोन्हीकडच्या डिस्का एकाच सेटिंगवर लावल्या तर एक धुरकट नाहीतर दुसरी अंधारी वाटते. टीव्हीत दोन प्रीसेट करून ठेवा, प्रश्न संपला. आणि रुंद पडद्याचे पिक्चर लेटरबॉक्स असतात, म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या, २.३५ रेशोच्या पिक्चरला ४८० ओळींपैकी जेमतेम २७० ओळी मिळतात. मोठ्या पडद्यावर हे जाणवतं, लपवत नाही.

आता आवाज, म्हणजे माझ्या मते हे सगळं करण्यामागचं खरं कारण. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून डिस्केवर डिजिटल आवाज यायला लागला, तो १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ पीसीएम, म्हणजे अक्षरशः सीडीचाच आवाज, सेकंदाला १,४११ किलोबिट, काहीही न दाबता. डीव्हीडी आल्यावर लोकांना वाटलं आवाज सुधारला, पण डीव्हीडीवरचा साधा स्टिरिओ डॉल्बी ट्रॅक बहुतेक वेळा १९२ किलोबिटचा असतो. आकडे बाजूला ठेवा. ऑप्टिकल वायरनी अँपला जोडा, सराउंड मोड लावा, आणि ऐंशी-नव्वदीतला कुठलाही मोठा अ‍ॅक्शन पिक्चर लावा. संवाद हळू, आणि दार आपटलं की दचकायला होतं. बऱ्याच डिस्कांवर थिएटरच्या मिक्सच्या जवळचा आवाज आहे, नंतरच्या आवृत्त्यांत पुष्कळदा नवीन ५.१ (सहा चॅनलचा) मिक्स केला, बंदुकांचे आवाजसुद्धा बदलले, संवाद पुढे ओढले, घरात रात्री बघणाऱ्याला सोयीचं म्हणून सगळं एका पातळीवर आणलं. ज्यानी तो पिक्चर लहानपणी थिएटरात ऐकलाय त्याला फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो. माझ्या बायकोला या छंदात काडीचा रस नाही, तीसुद्धा पहिल्याच पिक्चरला म्हणाली की हा आवाज मोकळा आहे. तिचा शब्द मला फार आवडला कारण नेमकं तेच आहे.

संगीताच्या डिस्का तर सोडूच नका. वाद्यवृंद संचालक कारायानच्या मैफिली, ऑपेरा, जॅझ, जपानमध्ये हा माल भरपूर निघाला आणि आज कवडीमोलानं पडून आहे कारण गिऱ्हाईक पिक्चर शोधतं. पीसीएम आवाज असल्यामुळे ही म्हणजे चित्रासकट सीडीच झाली.

१९९५ पासून डॉल्बी डिजिटल ५.१ आलं, तेव्हा ते बसवायला जागा कुठे होती, तर उजव्या अ‍ॅनलॉग चॅनलची जागा घेतली, त्यावर आरएफच्या रूपात डेटा टाकला. म्हणून साध्या ऑप्टिकल वायरनी तो मिळत नाही, प्लेअरला वेगळा एसी-३ (डॉल्बी डिजिटलचंच दुसरं नाव) आरएफ आउटपुट लागतो आणि पुढे त्या आरएफमधून डेटा परत काढणारा डीमॉड्युलेटर लागतो, नव्वदीच्या शेवटच्या काही अँपमध्ये तो आतच असायचा. मी तसा जुना यामाहाचा अँप शोधला, स्वस्तात मिळाला, कारण त्यात एचडीएमआय नाही म्हणून कोणाला नको असतो. डीटीएस हा डॉल्बीसारखाच दुसरा सराउंड प्रकार, तो त्या मानानं सरळ, १९९७च्या सुमारास आलं आणि पीसीएमच्या जागीच बसवलं, ऑप्टिकलनी कुठल्याही डीटीएसवाल्या अँपमध्ये जातं. फक्त अँपनी ओळखलं नाही तर स्पीकरमधून खरखर येते आणि तीही पूर्ण जोरात, म्हणून आधी व्हॉल्यूम खाली, मग प्ले. डीटीएसच्या डिस्का महाग आहेत. मी तीनच घेतल्या, तिन्ही भारी आहेत, पण पैशाच्या हिशोबानं साध्या पीसीएम डिस्काच जास्त सुख देतात.

डिस्कांचे दोन प्रकार ओळखायला शिका. सीएव्ही म्हणजे स्टँडर्ड प्ले, ती कायम मिनिटाला १,८०० फेऱ्या फिरते, एका फेरीत एक फ्रेम, म्हणून फ्रेम थांबवली तर अगदी स्थिर, एका बाजूला ५४,००० फ्रेम, पण वेळ फक्त अर्धा तास. सीएलव्ही म्हणजे लाँग प्ले, बाजूला एक तास. दोन तासांचा पिक्चर सीएव्हीवर असला तर दोन डिस्का आणि चार बाजू. बाजू बदलताना प्लेअर डिस्क थांबवतो, लेसर यू आकाराच्या रुळावरून वळून वरच्या अंगाला जातो, मग परत फिरवतो, यात साधारण दहा-पंधरा सेकंद जातात. मला त्रास होत नाही, पाहुण्यांना होतो. मोटारचा आवाज मात्र आहे, सीएव्हीला जास्त, प्लेअर बसायच्या जागेपासून लांब ठेवा.

काही गोष्टी अजून लेसरडिस्केवरच नीट मिळतात. स्टार वॉर्सच्या पहिल्या तीन भागांचं मूळ, बदल न केलेलं रूप १९९३च्या बॉक्समध्ये आहे, २००६ मध्ये डीव्हीडीवर जे बोनस म्हणून दिलं तेही या लेसरडिस्कच्याच मास्टरवरून. आणि पिक्चर चालू असताना दिग्दर्शक किंवा अभ्यासक मागे बोलतोय, ही कॉमेंटरीची सवय आपल्याला डीव्हीडीनी लागली असं वाटतं, पण क्रायटेरिअन या अमेरिकन कंपनीनी १९८४ मध्ये किंग काँगच्या लेसरडिस्केवर, मोकळ्या राहिलेल्या अ‍ॅनलॉग ट्रॅकवर ती पहिल्यांदा टाकली. त्या काळच्या कित्येक कॉमेंटऱ्या पुढे कुठे आल्याच नाहीत.

आता दुखणी. सगळ्यात मोठं लेसर रॉट. डिस्क म्हणजे दोन अर्ध्या पाट्या गोंदानं चिकटवलेल्या, गोंद किंवा कडा कमी दर्जाची असली तर अ‍ॅल्युमिनियम गंजतं, आणि पडद्यावर रंगीत ठिपके चमकायला लागतात, आधी थोडे मग पाऊस. यावर इलाज नाही, आणि वरून बघून बहुतेक वेळा कळतही नाही. माझ्या पन्नासेक डिस्कांत चार अशा निघाल्या, चारही अमेरिकेत छापलेल्या, जपानी छपाईची अजून एकही नाही. पाच-पन्नास डिस्कांवरून जगाचा निष्कर्ष काढायचा नाही, पण जुन्या संग्राहकांचंही मत जपानी छपाईकडेच झुकतं म्हणून सांगतोय.

दुसरं म्हणजे वाकणं. डिस्क अ‍ॅक्रिलिकची असते आणि अ‍ॅक्रिलिक ओलावा ओढतं. इथे जूनमध्ये त्सुयू म्हणजे इथला पावसाळा सुरू झाला की आपल्या कोकणातल्या पावसासारखी दमट हवा होते, तेव्हा मी खोलीत डीह्युमिडिफायर लावतो आणि डिस्का कायम उभ्या, दाटीवाटीनं न कोंबता ठेवतो, आडव्या एकावर एक कधीच नाही. पुसायला अल्कोहोल वापरू नका, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. पाणी, एक थेंब भांड्यांचा साबण, मऊ कापड, आतून बाहेर.

तिसरं, प्लेअरचं वय. कुठल्याही कंपनीचा असो, रबरी पट्टे सैल होतात, ग्रीस वाळून मेणासारखं होतं, ट्रे अडखळतो. पट्टा बदलणं घरी जमतं. लेसर गेला तर दुसऱ्या प्लेअरचा काढून लावणं एवढाच मार्ग उरलाय, म्हणून दुकानांच्या जंक कोपऱ्यात त्याच मॉडेलचा बंद पीस दिसला की मी उचलून ठेवतो.

पुण्या-मुंबईतून कोणी विचार करत असेल तर स्पष्ट सांगतो, प्लेअर जपानहून मागवणं जोखमीचं आणि महाग आहे. वजन भरपूर, आत नाजूक रूळ, शिवाय १०० व्होल्टसाठी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. डिस्काही एलपीपेक्षा जड, पाच-सहा घेतल्या की कुरिअरचा खर्च डिस्कांच्या वर जातो. एनटीएससीची (जपान-अमेरिकेतली जुनी टीव्ही पद्धत) काळजी नको, आजचे टीव्ही ते घेतात. कोणी नातेवाईक जपानहून सामानातून आणणार असेल तर प्लेअर मूळ खोक्यात असलेलाच बघा, आणि दुकानात पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी करून घ्या : सीएलव्ही डिस्क शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत चालवून बघा, कारण दमलेला लेसर बाहेरच्या कडेलाच घसरतो, मग दुसरी बाजू आपोआप लागते का ते बघा, ट्रे पाच-सहा वेळा उघडझाक करा, आणि ऑप्टिकल आउटपुटमधून आवाज येतोय ना ते कान लावून ऐका. रिमोट नसला तरी चालेल, पायोनियरचे जुने रिमोट वेगळे मिळतात.