भाऊ ज्या सोबर होममध्ये राहिला त्याचा रिव्ह्यू

घरातलं कुणी व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडतंय आणि आता पुढे काय, हा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी लिहितेय. माझ्या धाकट्या भावाला दारूचं व्यसन, केंद्रातून सुटल्यावर त्याला थेट घरी न आणता आम्ही सोबर होममध्ये, म्हणजे व्यसन सोडलेली माणसं एकत्र राहतात अशा घरात ठेवलं. तक्रारही लिहायची आहे म्हणून नाव देत नाही.

आधी हे लक्षात घ्या की हे हॉस्पिटल नाही, इथे डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवायचे उपचार, होत नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं, त्यामुळे तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली उरकूनच इथे यायचं. इथे मिळतं ते नशा नसलेलं घर आणि त्याच त्रासातून गेलेली माणसं.

शिस्त कडक आहे आणि मला ती आवडली. कामांचा तक्ता भिंतीवर, बाथरूम कोण धुणार, कचरा कोण टाकणार सगळं ठरलेलं, रात्री वेळेत परत यायचं, ब्रेथ टेस्ट कधीही होते. भाऊ सुरुवातीला जाम वैतागला होता पण नोकरी लागल्यावर या रुटीननेच त्याला सांभाळलं. एकदा घरच्यांनाही मीटिंगला बोलावलं होतं, तिथे एक मुलगा म्हणाला पगाराच्या दिवशी मला स्वतःचीच भीती वाटते, तर शेजारचा लगेच म्हणाला मी येतो तुझ्या ऑफिसच्या गेटवर, सोबत परत येऊ. प्रवचन नाही काही नाही, विषय संपला. अमेरिकेत १९७५ साली सुरू झालेल्या ऑक्सफर्ड हाउस नावाच्या अशाच घरांमध्ये तर मॅनेजरच नसतो, राहणारेच खर्च वाटून घेतात आणि मत देऊन निर्णय घेतात. इथे मॅनेजर आहे, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

एक जण ओपिऑइडच्या (हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या नशेच्या) व्यसनासाठी डॉक्टरांनी दिलेलं ब्युप्रेनॉर्फिन घेत होता, त्याला सांगितलं ही पण नशाच, बंद कर नाहीतर जागा सोड. हे साफ चुकीचं आहे हो! जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २००५ पासून आहे, त्याने जीव वाचतात. औषध बंद झालं आणि पाय घसरला तर शरीराची सवय मोडलेली असते, मग नशेचा पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो. अशा ओव्हरडोसवर तातडीने द्यायचं औषध, नॅलोक्झोन, तेही घरात ठेवलेलं नव्हतं. आणखी एक जण पिऊन आला तर त्याला रात्रीच सामानासकट बाहेर काढलं, घरच्यांना फोनसुद्धा नाही. पिऊन आलेल्याला घरात ठेवता येत नाही, बाकीच्यांचंही बघावं लागतं, ते मान्य, पण निदान डिटॉक्सला तरी पोचवा ना त्याला.

म्हणून ठेवण्याआधी दोन गोष्टी विचाराच, डॉक्टरांची औषधं चालतात का आणि कुणी पुन्हा प्यायला तर त्याच रात्री तुम्ही काय करता. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी जागा बघा. दारूचं व्यसन असेल आणि डिटॉक्स झालेलं असेल तर हे घर मी नक्की सुचवेन, ओपिऑइडसाठी मात्र औषधांचा नियम बदलेपर्यंत नाही. पाचपैकी साडेतीन स्टार.