४२ किलोमीटर पायी, तेही आपल्याकडच्या उन्हात: वेरूळ रोड, टेकडीचे फेरे की तुळजापूर?

सध्या जो तो एकच विचारायला, की मॅरेथॉनचं अंतर पळायचं नाही, नुसतं चालायचं असलं तर उन्हाळ्यात जमेल का, आणि जमलं तर कुठं. जमतंय की. हनुमान जयंतीला भर चैत्रात लोक संभाजीनगरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला रात्रभर चालत जातात, त्यात साठीच्या मावश्या पण असतात, पायात साधी चप्पल अन् हातात एक पिशवी. ते अंतर साधारण २५ किलोमीटर, म्हणजे आपल्याला त्याच्या पाऊणपट अजून चालायचंय, एवढंच. खरा प्रश्न एकच, ऊन डोक्यावर येईल तेव्हा तुम्ही रस्त्यात कुठं असणार.

हिशोब करून बघा. ४२.१९५ किलोमीटर, बरा चालणारा माणूस ताशी पाचनं चालतो पण चहापाणी, बूट काढून पाय मोकळे करणं, सगळं धरून साडेचारच पकडा, म्हणजे नऊ-साडेनऊ तास झाले. एप्रिलात सव्वासहाच्या आसपास उजाडतं, आठला चटका चालू होतो, दुपारी पारा ४० च्या पुढं. पहाटे चारला निघाला तर नऊ वाजता जेमतेम अर्धं झालेलं असणार आणि उरलेलं अर्धं सगळं उन्हात, तेही दमल्यावर. म्हणून "आपण लवकर निघू" ह्याचा काही उपयोग नाही हो, एवढ्या अंतराला पहाट पुरतच नाही, एक तर रात्रीच निघा नाहीतर दोन तुकडे करा. आता हे डोक्यात ठेवून पुढचे पर्याय बघा.

पहिला, वेरूळ रोड. संभाजीनगरात जालना रोडवर केंब्रिज चौकातून सुरू केलं तर चिकलठाणा, सिडको, क्रांती चौक, नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, मग दौलताबाद, घाट, कागजीपुरा, खुलताबाद आणि खाली वेरूळ, हे ४२ च्या आसपास बसतं, दोन-तीन किलोमीटर इकडं तिकडं होतील, मोबाईलवर मोजून घ्या. ह्यात मला सगळ्यात आवडतं ते हे की शहराचा भाग मध्यरात्रीच्या आसपास होऊन जातो, दिवे असतात, चहा मिळतो, पाणी मिळतं, आणि कुणाचं काही बिघडलं तर रिक्षा करून घरी. साडेनऊला निघालं की दौलताबादचा किल्ला साडेतीनच्या दरम्यान येतो, तिथून चढ लागतो आणि तो चढ तुम्ही पहाटे चार-पाचला चढता, जेव्हा हवा सगळ्यात गार असते, कारण जमीन रात्रभर उष्णता सोडत असते आणि पारा सगळ्यात खाली जातो तो उजाडायच्या सुमारास. हाच घाट सकाळी दहाला चढून बघा, मग कळेल. वाईट बाजू दोन. एक, गाड्या. ट्रक, ट्रॅव्हल्स, रात्री सुसाट येतात, म्हणून उजव्या बाजूनं चाला म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, आणि चमकणारं जॅकेट घाला, काळा टीशर्ट घालून रात्री रोडवर कोण निघतं यार. दुसरी म्हणजे कुत्री, शहर संपेपर्यंत आणि प्रत्येक गावाच्या वेशीला. तीन-चार जण मिळून आणि हातात एक काठी, एवढं बास. आणि हो, रात्री निघालात तरी पहिले दोन-तीन तास डांबर तव्यासारखं तापलेलंच असतं, वर गार वाऱ्याची झुळूक आली तरी तळपायाला ते कळतं.

दुसरा पर्याय घराजवळच्या टेकडीचे फेरे. विद्यापीठाच्या मागं बुद्ध लेणी, हनुमान टेकडी, गोगाबाबा टेकडी ह्या पट्ट्यात सहा-सात किलोमीटरचा एक फेरा पाडायचा आणि तोच तो मारत राहायचा. ऐकायला बोअर वाटतं, आहेच बोअर. पण पहिल्यांदा करणाऱ्याला मी हाच सांगतो. पाणी पाठीवर न्यायला लागत नाही, गाडीला किंवा कुणाच्या घरी ठेवलं की झालं, दर दीड तासानं भरून घ्या, मोजे बदला, डोक्यावर तांब्याभर पाणी ओता आणि परत निघा. पाय गेला, चक्कर आली, तर घर जवळ. तोटा पण हाच, की घर जवळ, चौथ्या फेऱ्याला मन म्हणतं चला आता जाऊ, आणि लोक जातात पण. कच्च्या वाटेवर मुरूम आणि सुटे दगड, त्यामुळं वेग ताशी चारवर येतो, म्हणजे अकरा तास धरा. सावली जवळपास नाही, काळा दगड सकाळी नऊलाच तापतो आणि खालून वाफ मारतो. म्हणून इथं दोन तुकडे: पहाटे तीन ते आठ साडेआठ, मग घरी जाऊन झोप, आणि संध्याकाळी सहा-साडेसहानंतर उरलेलं, अंधारात टेकडी नको वाटली तर खालच्या सपाट रस्त्यानं. कुणी म्हणेल हे एका दमात झालं नाही मग ते धरायचंच नाही. माझ्या मते धरायचं, एकाच दिवसात तुमच्याच पायांनी झालंय. ज्यांना शंका आहे त्यांनी मे महिन्यात दुपारी एकला टेकडीवर येऊन सांगावं.

मधेच कुणीतरी गौताळ्याचं काढतं, कन्नडचं अभयारण्य, जंगल आहे म्हणजे गार असणार. नसतं. सागाची पानं उन्हाळ्यात झडलेली असतात, सलई-धावडा पण तसाच उघडा, सावली जिला म्हणतात ती पावसाळ्यानंतरची. शिवाय अभयारण्यात रात्री फिरू देत नाहीत, बिबट्या आहे, म्हणजे दिवसाच चालायला लागणार, म्हणजे आपला सगळा हिशोबच बोंबलला. हिवाळ्यात जा, लै भारी आहे.

तिसरा पर्याय सोलापूर ते तुळजापूर. अंतर ४५ च्या आसपास, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा थोडं जास्तच, आणि कोजागरीला हजारो लोक हे रात्रीत चालतात, त्यांना कुणी फिटनेस म्हणत नाही, ते आपले आईला चाललेत. त्या दिवसात गाड्या दुसरीकडं वळवतात, रस्त्यात मंडळं चहा, केळी, खिचडी देतात, लोकांच्या लोंढ्यात चालताना अंतर कळत नाही. पण ऑक्टोबर हीट दिवसा कितीही असली तरी ती रात्र एप्रिलपेक्षा बरी असते. तीच वाट एप्रिलात तुम्ही दोघं-तिघं चालला तर तो नुसता राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि तुळजापूरचा घाट एकदम शेवटी येतो, पाय संपल्यावर. त्यामुळं हिच्याबद्दल माझं मत सरळ आहे, कोजागरीला जायचं असेल तर हिच्यासारखी वाट नाही, उन्हाळ्यात वेरूळ रोड बरा.

आता पाण्याचं, कारण वाट कोणतीही धरा, गडबड इथंच होते. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम येतो आणि लगेच वाळतो, माणसाला वाटतं मला घामच नाही. शर्टावर पांढरे डाग बघा, ते मीठ आहे. तासाला अर्धा ते एक लिटर जाऊ शकतो. नऊ-दहा तास नुसतं पाणीच ढोसत राहिलात तर अंगातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक त्याला ऊन लागलं समजून अजून पाणी पाजतात. म्हणून ओआरएसची मोठी पुडी एका लिटरला, नाहीतर घरीच लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर अन् अर्धा छोटा चमचा मीठ. ताक चालतं, मीठ घातलेलं लिंबू सरबत चालतं. रसवंतीवरचा उसाचा रस गोड लागतो पण त्यावर सगळी भिस्त नको. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, हे रात्रभर टिकतं, बिस्किटांपेक्षा शंभरपट बरं. लघवी गडद पिवळी दिसायली की थांबा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर मात्र "थोडं बस, बरं वाटेल" असलं काही नाही, सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, दस्तीनं वारा घाला आणि १०८ ला फोन.

बुटाचं थोडक्यात: नवे नकोत, उन्हात पाय सुजतात म्हणून पुढं अंगठाभर जागा पाहिजे, मोज्यांचे दोन जोड, आणि मांड्या घासतात तिथं व्हॅसलीन निघायच्या आधीच लावा. लाजायचं काही नाही.

बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय कुठलाच पर्याय नाही. पहिलीच वेळ आणि एकटे असाल तर टेकडी. चार माणसं जमत असतील आणि रात्र जागायची सवय असेल तर वेरूळ. फक्त सोमवारी रात्री निघू नका, मंगळवारी लेणी बंद असतात. घृष्णेश्वर उघडं असतंय, दर्शन घ्या, पोहे-चहा करा आणि एसटीनं परत या, मात्र खिडकीपाशी बसून झोपणार असाल तर शेजारच्याला स्टॉप सांगून ठेवा.