नॅस्टचा हत्ती की केलीचं रानमांजर?

अमेरिकन राजकारणावर प्राणी घेऊन वेबकॉमिक काढायचं तर आधी ठरवावं लागतं की प्राणी पक्षाचं चिन्ह म्हणून घ्यायचा की माणूस म्हणून, आणि दोन्हींचे उस्ताद तिथेच होऊन गेलेत. व्यंगचित्रकार थॉमस नॅस्टने 1874 मध्ये 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात रिपब्लिकन मतांचा हत्ती काढला, त्याआधी 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या भ्रष्ट टॅमनी या राजकीय टोळीचा वाघ. एक नजर टाकली की कळतं कोण कोणावर तुटून पडलंय, आणि आज मोबाईलवर सरकन स्क्रोल करणाऱ्याला तेवढंच पुरतं. पण हत्तीला स्वतःचा स्वभाव नाही ना, तो फक्त पक्ष!

वॉल्ट केलीचं वेगळं. त्याच्या 'पोगो' या पेपरातल्या कॉमिक स्ट्रिपमध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ओकेफेनोकी दलदलीत राहणारे प्राणी, रोज भेटणारे, भांडणारे, आणि 1953 मध्ये त्यांच्यात एक रानमांजर येतं, सिंपल जे. मलार्की, चेहरा थेट सिनेटर मॅकार्थीचा. लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेला मॅकार्थी तेव्हा जोरात होता, म्हणजे हिंमत बघा! प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका पेपरने हा चेहरा परत दिसला तर स्ट्रिप बंद करू म्हटलं तर केलीने मलार्कीच्या डोक्यावर पिशवीच चढवली, आणि वाचकांना तरी तो कोण ते कळतच होतं. 😄

मला केलीचीच वाट आवडते. मेहनत जास्त आहे, आधी दलदल उभी करावी लागते, लोकांना त्या प्राण्यांचा लळा लागावा लागतो, मगच रानमांजराची भीती वाटते. एकाच बातमीवर एकच चित्र टाकायचं असेल तर मात्र नॅस्टच.